स्टॉकफिश चाली कशा फेटाळतं

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून विश्वविजेता झाला, मग जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक मारला, आणि तेव्हापासून आमच्या परभणी-नांदेडकडं पण बुद्धिबळाची जोरदार हवा आहे. चांगलंच आहे. पण स्पर्धेच्या हॉलबाहेर एक सीन हमखास दिसतो. पोरगं डाव हरून बाहेर येतं, बापाच्या मोबाईलवर स्टॉकफिशमध्ये, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (अशा प्रोग्रॅमला इंजिन म्हणतात), डाव टाकतं आणि लगेच, "पप्पा, स्टॉकफिश म्हणायलंय माझं प्लस तीन होतं!" पप्पा खूश, पोरगं खूश, आणि हरलो कशानं ते कुणीच बघत नाही.

आधी त्या आकड्याचं बघू. पोझिशनला, म्हणजे पटावरच्या स्थितीला, इंजिन जे मार्क देतं तो हा आकडा, प्लस म्हणजे पांढऱ्याचं वर. प्लस एक म्हणजे एक प्यादं जास्त, असं बहुतेकांना वाटतं. जुन्या इंजिनांत साधारण तसंच होतं. पण २०२२ च्या शेवटी आलेल्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशनं हिशोब बदलला, आता प्लस एक म्हणजे इंजिन विरुद्ध इंजिन खेळलं तर पांढरा जिंकायची शक्यता ५० टक्के. इंजिन विरुद्ध इंजिन, हे नीट वाचा. तिथून पुढं तुम्ही आणि समोरचा खेळणार आहात, दोन स्टॉकफिश नाही, त्यामुळं प्लस तीन असताना हरणं यात नवल काहीच नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट. हे यंत्र विचार कसं करतं? एका पोझिशनला साधारण ३० चाली असतात असं धरा. दोघांच्या दोन-दोन, म्हणजे एकूण चार चाली पुढचं बघायचं तर ३० गुणिले ३० गुणिले ३० गुणिले ३०, झाल्या ८,१०,००० पोझिशन. १९९७ ला विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू संगणक सेकंदाला २० कोटींच्या आसपास पोझिशन बघायचा, पण नुसत्या वेगानं हे भागत नाही, पुढच्या प्रत्येक चालीला परत ३० नं गुणावं लागतं. खरी युक्ती आहे अल्फा-बीटा नावाची, आणि ती पटावरच बघू.

(घरांची नावं अशी: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या पांढऱ्याकडून १ ते ८.) पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, ई४ ला, काळ्यानंही तेच, ई५ ला, पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा सी६, पांढऱ्याचा उंट सी४. आता काळा तोच घोडा उचलून डी४ वर ठेवतो. शाळेच्या स्पर्धांत हा सापळा पोरं अजून लावायलेत. ई५ चं प्यादं फुकट दिसतं, घोड्यानं मारायचं का?

समजा इंजिननं आधी पांढऱ्याची वेगळीच चाल तपासली, घोड्यानं डी४ चा घोडाच मारायचा. त्यात पांढऱ्याचं बरं निघालं. म्हणजे एवढं तर खिशात आलं. मग ते प्यादं मारायच्या चालीकडं वळतं आणि काळ्याचं उत्तर बघतं, वजीर जी५. हा वजीर ई५ च्या घोड्यावर आणि जी२ च्या प्याद्यावर एकदमच नजर ठेवतो. घोडा हावरटासारखा एफ७ वर गेला की वजीर जी२ मारतो, हत्ती एफ१ ला सरकतो, वजीर ई४ घेऊन शह देतो, मध्ये उंट ई२ ला घातला की घोडा एफ३ आणि मात, कारण तो उंट राजासमोर बांधला गेलाय, त्याला हलता येत नाही. उंटानं एफ७ ला शह देऊन नुकसान कमी करता येतं, पण खिशातल्यापेक्षा ते वाईटच. झालं! प्यादं मारायची चाल इंजिन इथंच टाकून देतं. काळ्याची बाकीची २९ उत्तरं ते बघतच नाही, कारण चाल किती वाईट आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, वाईट आहे एवढं कळलं की बास.

आता जरा लक्ष द्या, इथं गुंता आहे. चाल वाईट ठरवायला समोरच्याचं एकच उत्तर पुरतं, पण ते उत्तर खरंच चालतं का हे ठरवायला त्यावरच्या आपल्या सगळ्या चाली बघाव्या लागतात, मग त्या प्रत्येकीवर समोरच्याची परत एकच. म्हणजे ३०, १, ३०, १ असं आलटून पालटून, त्याच्या झाल्या ९००. खिशातल्या चालीचा भाव पक्का करायला उलटं १, ३०, १, ३० च्या आणखी ९००, त्यातली एक दोन्हीकडं तीच, म्हणून अगदी आदर्श स्थितीत ८,१०,००० ऐवजी १७९९ पोझिशनवर काम भागतं. अट एकच, चांगली चाल आधी बघितली गेली पाहिजे, क्रम चुकला की फायदा गेला. म्हणून इंजिन मारामारीच्या चाली आधी तपासतं. पोझिशनला मार्क द्यायला २०२० पासून छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्रॅम) आलं, तो विषय मोठा आहे, नंतर कधीतरी.

सुधारायचं असेल तर इंजिनकडून हे फेटाळणं शिका. सर्वोत्तम चाल दाखवणारा हिरवा बाण बघणं म्हणजे गाईडमधलं उत्तर वहीत उतरवणं, लातूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. डाव संपला की आधी इंजिन बंद ठेवून स्वतःच्या शंका लिहा, मग जी चाल तुम्हाला चांगली वाटत होती तीच पटावर करा आणि इंजिन तिला कशानं मारतं ते बघा. ते एक उत्तर तुम्हाला पटावर का दिसलं नाही, तपासायचं ते हे. गुकेशला त्याचे तेव्हाचे कोच विष्णू प्रसन्ना यांनी २५०० रेटिंगच्या (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) आसपास जाईपर्यंत इंजिनपासून लांब ठेवलं होतं, हे मोबाईल हातात देणाऱ्या पालकांनी ऐकून ठेवावं. आणि डोळ्याला पट्टी बांधून मिडब्रेन उघडतो, पोरगं आपोआप हुशार होतं म्हणणारे क्लासवाले भेटले तर त्यांना म्हणावं, उघडलेल्या मिडब्रेनवाल्या पोराला पाच मिनिटांचा एक डाव खेळू द्या आमच्याशी.

स्टॉकफिश फुकट आहे, ॲप घेतलं की नेट गेलं तरी चालतं, साधा फोन पुरतो. फक्त तासभर चालू ठेवून फोन तापवू नका, आपल्या लेव्हलच्या डावाला डेप्थ २०, म्हणजे दोघांच्या मिळून साधारण २० चाली पुढचं बघणं, लय झाली.