उष्णतोपचार आणि कर्कपेशींतील एंझाइमे

कर्कपेशी ४० ते ४५ अंश सेल्सिअसला काही वेळ ठेवल्या की त्यांतली काही एंझाइमे लुळी पडतात, काहींना फारसा फरक पडत नाही. डीएनए दुरुस्त करणारे पॉलिमरेज बीटा उष्णतेला लवकर हार मानते. दुरुस्तीला लागणारे बीआरसीए-२ (हे एंझाइम नव्हे, नुसते मदतनीस प्रथिन) ४१ ते ४२.५ अंशांनाच नष्ट होऊ लागते. म्हणूनच उष्णता डीएनए मोडणाऱ्या किरणोपचाराच्या किंवा केमोथेरपीच्या जोडीने देतात. घरचा शेक हा त्याला पर्याय नाही. आतल्या गाठीपर्यंत तेवढे तापमान पोचतच नाही.

उष्णतेची मात्रा ४३ अंशांच्या हिशेबाने मोजतात. त्यावर दर अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो, त्याखाली चौपट. ४३ अंशांची ६० मिनिटे म्हणजे ४४ची ३० आणि ४२ची २४०. प्रयोगशाळेत पेशी वॉटर बाथमध्ये (ठरावीक तापमानाला पाणी राखणाऱ्या भांड्यात) तापवतात. तो अर्धा अंश कमी भरला तर मात्रा निम्म्यावर येते. गोव्यात पावसाळ्यात वीज येत-जात असते, तेव्हा बाथ यूपीएसवर हवा. झाकण घट्ट करून पॅराफिल्म (मेणासारखी ताणली जाणारी पट्टी) गुंडाळलेला पेशींचा फ्लास्क पाण्यात बुडवावा. शेजारी तेवढेच माध्यम (पेशी वाढवायचा द्राव) भरलेल्या, पण पेशी नसलेल्या फ्लास्कात तापमान मोजणारा प्रोब ठेवावा आणि तो ४३ दाखवू लागल्यावरच घड्याळ लावावे. तुलनेचा फ्लास्क तेवढाच वेळ ३७ अंशांना.

खरी फसगत मोजणीत होते. लॅक्टेट डिहायड्रोजनेज (एलडीएच) हे एंझाइम ४३ अंशांना बऱ्यापैकी टिकते, तरी पेशींतला आकडा घसरलेला दिसतो. कारण पेशींचे आवरण फाटून ते माध्यमात गळते. एलडीएच मोजताना ते एनएडीएच हे संयुग किती वेगाने वापरते, हे ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणातल्या घटीवरून पाहतात. म्हणून ही घट पाहताना पेशींचा अर्क आणि वरचे माध्यम, दोन्ही तपासावे. माध्यमात घातलेल्या सीरममध्येही एलडीएच असते. पेशी नसलेले माध्यम ब्लँक (वजा करायचा मूळ आकडा) म्हणून घेतलेच पाहिजे. दुसरी अडचण: तापलेली प्रथिने गोळा होऊन सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसतात. वरच्या द्रावात प्रथिन कमी भरते आणि प्रति मिलिग्रॅम प्रथिन एंझाइमाची क्रियाशीलता उगीचच वाढलेली दिसते. तेव्हा पेशींच्या संख्येवरही आकडा काढावा. दमट हवेत इनक्युबेटरात बुरशी लवकर धरते. तिची एंझाइमे मोजणीत मिसळतात, तो फ्लास्क टाकूनच द्यावा.

तापवल्यानंतर काही तासांत एचएसपी-७०सारखी संरक्षक प्रथिने वाढतात आणि वाचलेल्या पेशी दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाहीत. रुग्णाला उष्णतोपचार सहसा आठवड्यातून एक-दोनदाच देतात तो यामुळे.