गोड-तिखट ग्लेझ लावून ताजा मासा भाजताना

आमच्या ग्लेझची, म्हणजे माशावर फासायच्या चकचकीत गोड-तिखट लेपाची, बाटली उघडण्याआधी एक विनंती: ग्लेझ शेवटी लावा. यात गूळ, लाल मिरची, लसूण, व्हिनेगर आणि मीठ आहे. मासा आतून साधारण ६३ अंश सेल्सिअसला शिजतो. निखाऱ्यांवरची जाळी मात्र २०० अंशांच्या पुढे सहज जाते आणि तिथे गूळ बघता बघता काळा पडतो. सुरुवातीलाच ग्लेझ फासला तर मासा वरून करपतो, आतून कच्चा राहतो आणि तो कडवटपणा मग कशानेही निघत नाही.

मासा स्वतः पकडला असेल तर पोट लगेच साफ करा, कल्ले काढा आणि मासा भरपूर बर्फात ठेवा. बांगडा, ट्यूना यांसारखे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामाइन हे अपायकारक द्रव्य तयार होते. त्याने अंगावर लाली येते, डोके दुखते. आणि मासा कितीही भाजला तरी हिस्टामाइन नष्ट होत नाही. म्हणून बर्फाची काटकसर नको. मेल्यानंतर मासा काही काळ ताठरतो; तसा असताना भाजला तर आकसून वाकडा होतो, म्हणून बर्फातच ताठरपणा उतरू द्यावा.

मासा जाळीला चिकटतो, ही तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. त्याचे कारण बहुतेक वेळा ओलावा असते. फडक्याने मासा आतून-बाहेरून अगदी कोरडा टिपून घ्या आणि त्यालाच तेलाचा हात लावा. अख्ख्या माशाला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्या. मीठ बेताचेच, कारण ग्लेझमध्ये ते आहेच. जाळी घासून, चांगली तापवून मगच मासा ठेवा आणि हलवू नका. साल खरपूस झाली की मासा आपणहून जाळी सोडतो. उलथने घातल्यावर ओढ लागली तर आणखी मिनिटभर थांबा.

जाडीच्या दर अडीच सेंटिमीटरला दोन्ही बाजू मिळून साधारण १० मिनिटे लागतात. चिरेत डोकावून पाहा: काट्याजवळचे मांस काचेसारखे दिसायचे थांबून पांढरे होऊ लागले की ग्लेझची वेळ झाली. मासा कमी आचेच्या बाजूला सरकवा आणि ब्रशने पातळ हात फिरवा. बुडबुडे येऊन चकाकी धरली की उलटा, दुसऱ्या बाजूला लावा, मग दोन्हीकडे आणखी एकेक हात. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले; जाड थर ओघळून निखाऱ्यांवर पडतो आणि धूर होतो. हे सगळे शेवटच्या तीन-चार मिनिटांतच.

लिंबू ताटात पिळा. आधी चोळून ठेवले तर आंबटपणाने मांस भुसभुशीत होते.

ग्लेझ वाटीत काढून घ्या, ब्रश बाटलीत बुडवू नका. कच्च्या माशाला लागलेला ब्रश ज्या वाटीत गेला, तिच्यातला उरलेला ग्लेझ टाकून द्या. वरून घ्यायला हवा असेल तर बाटलीतून वेगळा काढा. फार घट्ट वाटला तर चमचाभर कोमट पाणी घाला. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा.