निळी वेल चढते, पण फुलत का नाही?

नाशिककरांना वेल म्हटली की आधी द्राक्षाची आठवते. द्राक्षवेल प्रतानांनी, म्हणजे दोऱ्यासारख्या तणाव्यांनी तार धरते. आयपोमिया, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीच्या प्रजातीतल्या वेलींना प्रतान नसतातच. खोडच आधाराला वेढे घालतं. वरून पाहिलं तर शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. सुतळीला तो विरुद्ध दिशेने गुंडाळलात, तर सुटतो आणि आपल्याच दिशेने वळतो.

लिनीअसने 1753 मध्ये नोंदवलेल्या या प्रजातीत आज 600हून अधिक जाती आहेत. नाजूक पिसांसारख्या पानांची गणेशवेल, निळ्या फुलांचा काळादाणा, पाणथळ जागी माजणारा बेशरम आणि उपासाचं रताळंसुद्धा! रताळं कापल्यावर येणारा पांढरा चीक ही या घराण्याचीच खूण. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते. उमलल्यावर एकमेकींना जोडलेल्या पाच पाकळ्यांचं एकच नरसाळं होतं, आत कमीजास्त लांबीचे पाच पुंकेसर. फळ सुकून उकलतं. नात्यातल्या समुद्रशोकाचं उकलत नाही.

‘हेवनली ब्ल्यू’ या वाणाची कळी जांभळट असते आणि फूल आकाशी. रंगद्रव्य तेच राहतं. पाकळीच्या पेशीतल्या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचं माप) 6.6 वरून 7.7 वर जातो, एवढंच.

पेरणी जूनमध्ये, पहिल्या चांगल्या पावसानंतर करा. बियांचं कवच पाणी आत घेत नाही, म्हणून डोळ्याच्या, म्हणजे बी फळाला चिकटलेलं असतं त्या खुणेच्या, विरुद्ध बाजूला नेलकटरने इवलासा टवका काढा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. फुगलेल्या बिया सेंटीमीटरभर खोल, थेट कायमच्या कुंडीत लावा. रोप उपटून हलवलेलं मुळांना सोसत नाही. काळादाण्याची पहिली दोन दलं मधे खाच असलेली, फुलपाखरासारखी दिसतात. बिया तीव्र रेचक आहेत, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

नुसती पानंच माजली तर युरिया आणि शेणखत आधी थांबवा. दुसरं कारण उजेडाचं. काळादाण्याला फुलायला लांब, अखंड काळोख लागतो. प्रयोगशाळेत एकाच लांब रात्रीने कोवळी रोपं कळ्यांवर येतात, आणि मध्यरात्री काही मिनिटं लाल प्रकाश पाडला की येत नाहीत. गॅलरीत रस्त्यावरच्या दिव्याचा झोत येत असेल, तर सप्टेंबरच्या आधीच कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूला न्या. मात्र दिवसा तिथे पाचसहा तास ऊन हवंच.