एमॅक्सची युनिक्सजुळणी

एमॅक्स या मजकूर-संपादकाचा सोर्स कोड, ज्या युनिक्स प्रणालीवर तो चालवायचा आहे तिच्या कंपायलरला (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणाऱ्या साधनाला), लायब्रऱ्यांना (तयार फंक्शनांच्या संग्रहांना) आणि कर्नेलला (प्रणालीच्या गाभ्याला) मानवेल असा करून घेण्याची प्रक्रिया. रोजच्या बोलण्यात तिला नुसते ‘कॉन्फिगर करणे’ म्हणतात. आज ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट चालवली आणि ‘मेक’ (बांधणी करणारी आज्ञा) म्हटले की बहुतेक काम उरकते. १९८०च्या दशकात तेच हाताने करावे लागे आणि करणाऱ्याला आपल्या यंत्राची खडान्खडा माहिती असावी लागे. आधी कोड विचारत असे, ‘हे कोणते युनिक्स?’ पुढे तो विचारू लागला, ‘इथे काय काय चालते?’ या जुळणीचा इतिहास म्हणजे मुख्यतः प्रश्नातला हा बदल, आणि त्याला शेवटपर्यंत दाद न देणारा एक अवघड तुकडा.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू एमॅक्स १९८४ मध्ये लिहायला घेतला आणि १९८५ मध्ये तो लोकांच्या हाती आला. त्या वेळी युनिक्स या नावाखाली एक प्रणाली नव्हती, भाऊबंदकी होती. एका बाजूला एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह, दुसऱ्या बाजूला बर्कलीची बीएसडी ४.२, दोन्ही १९८३च्या. शिवाय सनची सनओएस, ह्यूलेट-पॅकार्डची एचपी-यूएक्स, डिजिटलची अल्ट्रिक्स, मायक्रोसॉफ्टची झेनिक्स. सी भाषा सगळीकडे होती, पण ती ज्यांना हाक मारते ती फंक्शने सगळीकडे सारखी नव्हती.

साध्या प्रोग्रॅमला याचा फारसा त्रास होत नाही. ओळी वाचायच्या, क्रम लावायचा, बाहेर टाकायच्या, एवढे कुठल्याही युनिक्सवर जमते. संपादकाचे तसे नाही. त्याला प्रत्येक कळ दाबताक्षणी हवी असते, म्हणजे टर्मिनलच्या ड्रायव्हरशी बोलणे आले. तो ड्रायव्हर बीएसडीत एका पद्धतीचा, सिस्टिम फाइव्हमध्ये दुसऱ्या. एमॅक्स आपल्या पोटात शेल (आज्ञा घेऊन पार पाडणारा प्रोग्रॅम) चालवतो. त्यासाठी बीएसडीत छद्म-टर्मिनले (खऱ्या टर्मिनलसारखी वागणारी सॉफ्टवेअरची टर्मिनले) मिळत, सिस्टिम फाइव्हच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ती नव्हतीच. मग पाइपवर (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या साध्या नळीवर) भागवावे लागे आणि आतला शेल जरा लंगडा चाले. पडद्याच्या तळाशी वेळेसोबत यंत्रावरचा भार दाखवायचा, तर थेट कर्नेलच्या स्मृतीत डोकावून एक आकडा उचलावा लागे. त्यासाठी कर्नेलच्या फाइलीचे नाव ‘व्हीएमयुनिक्स’ आहे की ‘युनिक्स’, हेसुद्धा आधी सांगून ठेवायचे. एका आकड्यासाठी एवढी खटपट आज जरा हास्यास्पद वाटते, पण त्या सोयीवर लोकांचा जीव होता.

एस-फाइल आणि एम-फाइल

एमॅक्सच्या अठराव्या मालिकेपर्यंतची रीत अशी : कॉन्फिग.एच-डिस्ट या नमुना फाइलीची कॉन्फिग.एच नावाने प्रत काढायची आणि तिच्यात दोन हेडर फाइलींची (कोडने आत घ्यायच्या नोंदींच्या फाइलींची) नावे भरायची. ‘एस-’ने सुरू होणारी प्रणालीची, ‘एम-’ने सुरू होणारी यंत्राची. डिजिटलच्या व्हॅक्स संगणकावर बीएसडी असेल तर एस-बीएसडी४-२.एच आणि एम-व्हॅक्स.एच. एकोणिसाव्या मालिकेत या फाइली ‘एस’ आणि ‘एम’ अशा दोन डिरेक्टऱ्यांत गेल्या.

ही विभागणी हुशारीची होती. प्रोसेसर आणि प्रणाली यांच्या प्रत्येक जोडीला वेगळी फाइल लिहायची गरज उरली नाही. एस-फाइलीत छद्म-टर्मिनले आहेत का, सॉकेट (नेटवर्कवरून बोलण्याची सोय) आहेत का, टर्मिनलांची माहिती टर्मकॅपमधून घ्यायची की टर्मइन्फोमधून, अशा गोष्टी. एम-फाइलीत शब्दातील बाइटांचा क्रम, कंपायलरच्या खोडी आणि पत्त्यांचा हिशेब. हा हिशेब नाजूक होता. एमॅक्सच्या आतली लिस्प ही भाषा प्रत्येक वस्तू ३२ बिटांच्या एका शब्दात बसवत असे. त्यातले २४ बिट पत्त्याला, ७ वस्तूच्या प्रकाराला आणि १ कचरा (वापरात नसलेली स्मृती) गोळा करताना खूण म्हणून. पूर्णांकांनाही हेच २४ बिट, त्यांतला एक अधिक-उणे चिन्हाला. त्या काळच्या एमॅक्समध्ये ८ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल उघडत नसे, ती यामुळेच. ज्या यंत्रावर डेटा मुळातच उंच पत्त्यावर सुरू होई, तिथे २४ बिटांत पत्ता मावत नसे. मग वरचे ठरलेले बिट एम-फाइलीत लिहून ठेवायचे आणि पत्ता वापरताना दरवेळी जोडायचे.

कंपायलरच्या खोड्यांचीही कमी नव्हती. फंक्शन संपताच आपोआप मोकळी होणारी स्मृती देणारे ‘अलोका’ सगळीकडे नव्हते. जिथे ते नसे तिथे डग ग्विन यांनी सी भाषेत लिहिलेली त्याची नक्कल जोडत. काही ठिकाणी नावांची पहिली काहीच अक्षरे जमेस धरली जात. तिथे लांब नावे आखूड करणारी वेगळी साधने एमॅक्ससोबतच दिलेली होती. ‘मेक’ला काम सांगणारी मेकफाइलसुद्धा सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमधून (कंपाइल होण्याआधी मजकुरात बदल करणाऱ्या साधनातून) गाळून तयार होई, म्हणजे कॉन्फिग.एचमधल्या नोंदी तिच्यातही उतरत. कोणत्या यंत्राला कोणत्या दोन फाइली लावायच्या आणि कुठे काय अडते, हे ‘मशीन्स’ नावाच्या फाइलीत लिहिलेले असे. ती वाचली की त्या काळच्या संगणक-बाजाराची अर्धी यादी डोळ्यांखालून जाते.

दोष नावातच होता. ‘सिस्टिम फाइव्ह’ म्हटले म्हणजे सॉकेट नाहीत असे गृहीत धरावे, तर एचपी-यूएक्समध्ये सिस्टिम फाइव्हच्या अंगणात बर्कलीचे सॉकेट नांदत. सनओएसची फाइल बीएसडीची फाइल पोटात घेई आणि मग तिच्यातल्या नोंदी एकेक करून फिरवत बसे. प्रणालीची नवी आवृत्ती आली की नवी फाइल. घराण्यावरून गुण ओळखायचा हा खेळ किती दिवस चालणार?

ऑटोकॉन्फ

याला उतारा म्हणून डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फचे काम सुरू केले. त्याची कल्पना सोपी आहे. एखादे फंक्शन आहे का हे प्रणालीच्या नावावरून ठरवायचे नाही. ते वापरणारा चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहायचा आणि कंपाइल व लिंक करून (लायब्रऱ्यांशी जोडून) पाहायचा. जमले तर कॉन्फिग.एचमध्ये ‘आहे’ अशी नोंद, नाही तर नाही. अशा शेकडो चाचण्या एकामागून एक करणारी शेल स्क्रिप्ट म्हणजे ‘कॉन्फिगर’. ती चालताना पडद्यावरून ‘येस’ आणि ‘नो’ची जी रांग सरकत जाते, तिचे मूळ हे. फसलेल्या चाचणीचा तपशील कॉन्फिग.लॉगमध्ये मिळतो आणि अडचण आली तर पहिल्यांदा तीच फाइल उघडावी.

१९९३ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या एकोणिसाव्या मालिकेने कॉन्फिगर स्क्रिप्ट घेतली. तरी एस आणि एम या डिरेक्टऱ्या लगेच गेल्या नाहीत. त्यांच्यातल्या नोंदी हळूहळू चाचण्यांकडे सरकत राहिल्या आणि २०१२च्या सुमारास दोन्ही डिरेक्टऱ्या काढून टाकण्यात आल्या.

अनएक्झेक

चार ओळींच्या चाचणीने न सुटणारा तुकडा तो हा. एमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे, पण संपादनाची बहुतेक कामे लिस्पमध्ये लिहिलेली आहेत. दरवेळी ती सारी लिस्प वाचत बसले तर उघडायलाच फार वेळ लागेल. म्हणून आधी ‘टीमॅक्स’ नावाचा कोरा प्रोग्रॅम बांधत, त्याच्याकडून लिस्प वाचून घेत आणि चालू प्रोग्रॅमची स्मृती जशीच्या तशी नव्या एक्झिक्युटेबल (थेट चालवता येणाऱ्या) फाइलीत उतरवत. हे उतरवणारा ‘अनएक्झेक’ हा मूळ कोड युटा विद्यापीठातील स्पेन्सर थॉमस यांनी १९८२ मध्ये लिहिला होता. एक्झिक्युटेबल फाइलीची रचना प्रणालीगणिक बदलते, त्यामुळे एल्फ या फाइल-रचनेसाठी वेगळा अनएक्झेक, आयबीएमच्या एआयएक्ससाठी वेगळा, मॅकओएससाठी आणखी वेगळा, असा गोतावळा वाढला. बांधणीच्या मध्येच प्रोग्रॅम चालवावा लागे म्हणून एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी एमॅक्स बांधणेही जिकिरीचे झाले.

पुढे सुरक्षेसाठी कर्नेल प्रोग्रॅमची स्मृती दरवेळी वेगळ्या पत्त्यावर ठेवू लागले. ही युक्ती अनएक्झेकच्या मुळावरच आली. त्यात ग्नूच्या सी लायब्ररीने, स्मृती-वाटपाची अवस्था जपून ठेवण्याची जी जुनी सोय एमॅक्स वापरत असे, ती मोडीत काढायचे ठरवले. यातून डॅनियल कोलासिओने यांनी लिहिलेला ‘पोर्टेबल डम्पर’ आला. तो स्मृती एका वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि उघडताना पत्ते नव्याने जुळवून घेतो, त्यामुळे एक्झिक्युटेबलच्या रचनेशी त्याला देणेघेणे नाही. २०२० मध्ये आलेल्या २७व्या आवृत्तीपासून तोच प्रघात झाला.

विमशी तुलना

ब्राम मोलेनार यांचा विम हा दुसरा मजकूर-संपादक १९९१ मध्ये आमिगा संगणकावर प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी युनिक्सवर आला. लिस्पचे ओझे नसल्याने त्याला स्मृती उतरवायची गरजच पडली नाही. त्याच्या जुळणीतला भर वेगळ्या गोष्टीवर आहे : कोणत्या सोयी आत घ्यायच्या. ‘टायनी’पासून ‘ह्यूज’पर्यंतचे संच निवडता येतात आणि ‘व्हर्जन’ ही आज्ञा दिली की प्रत्येक सोयीपुढे अधिक किंवा उणे चिन्ह दिसते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या सर्व्हरवर विममध्ये कोडचे रंग का दिसत नाहीत, असा प्रश्न पडतो तेव्हा बहुधा तिथे ‘विम-टायनी’ बसवलेला असतो.

आजची अडचण आणि देवनागरी

आता सोर्सवरून एमॅक्स बांधणाऱ्याला युनिक्सच्या भाऊबंदकीशी क्वचितच झगडावे लागते. नेहमीची ठेच म्हणजे ‘टीपुट्स’ हे टर्मिनलचे फंक्शन कोणत्याच लायब्ररीत सापडले नाही, असा संदेश. लायब्ररी यंत्रावर असते. नसतात त्या तिच्या हेडर फाइली, ज्या लिनक्सच्या वितरणांत ‘डेव्ह’ किंवा ‘डेव्हेल’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात येतात.

मराठी मजकूर लिहिणाऱ्याने कॉन्फिगरच्या अखेरीस छापला जाणारा सारांश नजरेखालून घालावा. त्यात ‘हार्फबझ’ची एक ओळ असते. अक्षरांची जुळवणी करणारी ही लायब्ररी २७व्या आवृत्तीपासून एमॅक्स वापरतो. आधी युनिक्सवर हे काम लिबओटीएफ आणि एम१७एन या लायब्रऱ्या करत. या ओळीपुढे ‘नो’ आले आणि जुन्या लायब्रऱ्याही नसल्या, तर खिडकीतल्या एमॅक्समध्ये जोडाक्षरे हलन्तासकट सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागून लोंबते. टर्मिनलमध्ये चालवलेल्या एमॅक्सला मात्र हा सारांश लागू नाही. तिथे अक्षरे रेखाटण्याचे काम टर्मिनलचे असते.