शेक संपला, तरी मानेकडे लक्ष हवं

गळ्याच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे आपल्याकडचा ‘शेक’, घेऊन कोकणात परतलेल्यांना सर्रास सांगितलं जातं : कातडी भरून आली, आता परिणाम उरला नाही. हे खरं नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमन्यांच्या आतल्या अस्तराला किरणांनी इजा होते. भिंत जाड होते, चरबी साचते, वाट अरुंद होते; तिथे गुठळी होऊन मेंदूचं रक्त अडलं, तर पक्षाघात (लकवा) होतो. हे उघड व्हायला कधी 10 वर्षंही जातात. म्हणून शेक नाकारू मात्र नका, जीव वाचवणारा तोच. डॉक्टरांना मानेच्या डॉप्लर सोनोग्राफीबद्दल, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा; त्यात सुई नाही, दुखणं नाही. तंबाखू-मिश्री सोडाच. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी घरी थांबू नका. आडबाजूच्या वाडीतून रत्नागिरी गाठायलाच वेळ जातो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.