कच्ची बायनरी फाइल आणि तिचे चित्रण

प्रोग्रॅमने काढलेले आकडे अक्षरांत न लिहिता संगणकाच्या मेमरीत जसे असतात तसेच डिस्कवर उतरवले, की कच्ची बायनरी फाइल तयार होते. हवामान, द्रवगतिकी, भूकंपशास्त्र या क्षेत्रांतले प्रोग्रॅम आकड्यांचे ढीगच्या ढीग असे लिहितात. जागा कमी लागते, वेळ वाचतो, दशांशानंतरचे अंक कापले जात नाहीत. फक्त फाइलला स्वतःविषयी काही सांगता येत नाही. किती ओळी, किती स्तंभ, आकडा चार बाइटांचा की आठ, हे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच ठाऊक असते. पॅराव्ह्यू किंवा व्हिजिट या आकड्यांची चित्रे काढणाऱ्या प्रोग्रॅमांत ती उघडणाऱ्याला ही माहिती हाताने भरावी लागते.

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून मिळणारी दैनंदिन पावसाची फाइल हे याचे चांगले उदाहरण. पाव अंशाच्या जाळीवर १९०१ पासूनचा पाऊस, दर वर्षाला एक फाइल. पूर्व-पश्चिम १३५ बिंदू (६६.५ ते १०० अंश पूर्व), दक्षिणोत्तर १२९ (६.५ ते ३८.५ अंश उत्तर), दिवस ३६५, प्रत्येक आकडा चार बाइटांचा फ्लोट, म्हणजे दशांश आकडा. गुणाकार २,५४,२५,९०० येतो आणि फाइलही नेमकी तेवढ्याच बाइटांची हवी. लीप वर्षात त्यात ६९,६६० बाइटांची भर. हा हिशेब फाइल उघडण्याआधी करायचा असतो. बहुतेक जण चित्र बिघडल्यावर करतात.

पॅराव्ह्यूत अशी फाइल कच्च्या बायनरीच्या रीडरने उघडून आकड्याचा प्रकार, बाइटक्रम (आकड्यातले बाइट कोणत्या टोकाकडून लिहिले आहेत ते), मिती आणि विस्तार (प्रत्येक दिशेचा पहिला आणि शेवटचा क्रमांक) भरतात. विस्तार शून्यापासून मोजला जातो, म्हणून ० ते १३४, ० ते १२८, ० ते ३६४. येथे १३५ लिहिले तर रीडर फाइलीत नसलेला एक जादा स्तंभ शोधू लागतो. मूळबिंदू ६६.५ आणि ६.५, अंतर ०.२५ दिले की नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसतो.

आकार जुळला म्हणजे सगळे जुळले असे मात्र नाही. १३५ आणि १२९ यांची अदलाबदल झाली तरी गुणाकार तोच राहतो, आणि रीडर मुकाट्याने फाइल वाचतो. पण प्रत्येक ओळ सहा घरे घसरत जाते आणि नकाशाच्या जागी तिरके पट्टे उमटतात. तिरके पट्टे दिसले की ओळीची लांबी चुकली, हे या कामातले जुने निदान.

दुसरा घोळ बाइटक्रमाचा. ‘लिटल एंडियन’ आणि ‘बिग एंडियन’ ही नावे संगणकशास्त्रात डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये रूढ केली. इंटेलचे प्रोसेसर लहान टोक आधी लिहितात, म्हणजे लिटल एंडियन. पॅराव्ह्यू ज्यावर उभे आहे त्या व्हीटीके या चित्रण-लायब्ररीचा जुना बायनरी फॉरमॅट मात्र मोठे टोक आधी मागतो, म्हणजे बिग एंडियन. क्रम उलटा धरला तर १.० हा आकडा सुमारे ४.६ × १०⁻⁴¹ असा वाचला जातो. पावसाच्या फाइलीत हे ताडणे सोपे आहे. तिचा पहिला बिंदू अरबी समुद्रात पडतो, तिथे ‘माहिती नाही’ या अर्थाचा −९९९ असतो, आणि फाइलीतले बाइट सोळाच्या पायावर दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये तो ००, सी०, ७९, सी४ असा दिसतो. ही चौकडी सुरुवातीलाच दिसली तर क्रम लिटल एंडियन. चित्र काढताना हे −९९९ थ्रेशोल्ड या गाळणीने गाळावे लागतात, नाहीतर रंगपट्टी तेच खाऊन टाकतात आणि कोकणातली अतिवृष्टी आणि मराठवाड्यातली रिमझिम एकाच रंगात दिसतात.

फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेची तऱ्हा निराळी. त्यातल्या साध्या अनफॉर्मॅटेड (अक्षरांत न बदलता केलेल्या) लेखनात प्रत्येक रेकॉर्डच्या, म्हणजे एका दमात लिहिलेल्या गठ्ठ्याच्या, आधी आणि नंतर त्याची लांबी लिहिली जाते, बहुधा चार-चार बाइटांत. रोजचा नकाशा हा एक रेकॉर्ड धरला तर वर्षाला २,९२० बाइट जादा होतात आणि नकाशा दररोज दोन घरे बाजूला सरकतो. ॲनिमेशन लावले की देश पूर्वेकडे चालू लागतो! फोर्ट्रान २००३ मधील ‘स्ट्रीम’ पद्धतीने लिहिले तर या खुणा पडत नाहीत.

हीच माहिती दरवेळी भरायला नको म्हणून ती शेजारच्या छोट्या मजकूर-फाइलीत ठेवतात. व्हिजिटसाठी बीओव्ही, पॅराव्ह्यूसाठी एक्सडीएमएफ, हवामानवाल्यांच्या ग्रॅड्स या चित्रण-प्रोग्रॅमसाठी सीटीएल. एक्सडीएमएफमध्ये मिती झेड, वाय, एक्स अशा उलट्या क्रमाने लिहाव्या लागतात. हे पहिल्या खेपेस कोणाच्याच लक्षात राहत नाही. पावसाची हीच माहिती नेटसीडीएफ रूपातही मिळते, ज्यात मितींचे वर्णन फाइलीतच असते. ती घेतली तर वरचा बराचसा उपद्व्याप वाचतो.