युफोनियम कॉन्चेर्टो, पियानोच्या साथीने

युफोनियम कॉन्चेर्टो : युफोनियम या पितळी सुषिर वाद्याच्या एकल वादनासाठी बांधलेली, बहुधा तीन भागांची पाश्चात्त्य संगीतरचना. मूळ साथ पितळी वाद्यांच्या ब्रास बँडची, पितळी आणि लाकडी सुषिर वाद्यांच्या विंड बँडची किंवा ऑर्केस्ट्राची असते. त्या साथीचा सगळा ऐवज दोन हातांत मावेल असा नव्याने लिहून काढला की तयार होते ते पियानो रिडक्शन. या रचना शिकल्या जातात, परीक्षेत वाजवल्या जातात आणि छोट्या सभागृहांत ऐकल्या जातात त्या जवळजवळ नेहमी याच रूपात. मुंबईत तर या संगीताशी होणारी ओळख बहुतेकदा पियानोमार्फतच होते. बँड मिळेना म्हणून केलेली तडजोड, अशी या रूपाची संभावना करण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. का, ते पुढे येईलच.

युफोनियम दिसायला छोट्या ट्युबासारखे. मांडीवर घेऊन, घंटा (नळीचे रुंद तोंड) वर आभाळाकडे करून वाजवतात. नळीची लांबी सुमारे नऊ फूट, म्हणजे टेनर ट्रॉम्बोनइतकीच. पण ट्रॉम्बोनची नळी बरेच अंतर एकाच व्यासाची असते आणि युफोनियमची रुंदावत जाते. त्यामुळे सुराला धार कमी आणि गोलाई जास्त. मंद्र सप्तकात तो घुमतो, मध्य सप्तकात थेट पुरुषाच्या गळ्यासारखा लागतो. ग्रीक भाषेतून आलेल्या त्याच्या नावाचा अर्थच ‘गोड आवाजाचे’ असा आहे. वाद्याच्या निर्मितीचे श्रेय सामान्यतः व्हायमारच्या फर्डिनांड सोमर यांना, १८४३च्या सुमारास, दिले जाते. त्याच दशकात अडॉल्फ साक्स यांनी पॅरिसमध्ये सॅक्सहॉर्नचे कुटुंब उभे केले आणि आजच्या युफोनियमच्या घडणीत त्यांचाही मोठा वाटा आहे.

हार्मोनियमच्या हिशेबाने सांगायचे तर एकही व्हॉल्व्ह (नळीची लांबी बदलणारी कळ) न दाबता लागणारा या वाद्याचा मूळ सूर काळी पाच. ब्रिटिश बँडच्या पद्धतीत त्याचे नोटेशन ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण) लिहितात : कागदावर पांढरी एक, कानावर मात्र सप्तक ओलांडून खालची काळी पाच. ऑर्केस्ट्रात बेस क्लेफ, आणि तिथे जसे लिहिले तसेच ऐकू येते. म्हणून कॉन्चेर्टोच्या छापील संचात एकल वादकासाठी बहुधा दोन्ही पद्धतींचे पार्ट, म्हणजे वादनाचे कागद, असतात. पियानोवादकाने सरावाला बसण्याआधी समोरच्याच्या हातात कुठला कागद आहे ते विचारून घ्यावे. दोघांनी एकाच सुराला दोन नावे घेऊन अर्धा तास घालवण्यापेक्षा ते बरे.

चौथा व्हॉल्व्ह आणि कॉम्पेन्सेटिंग योजना यांच्याशिवाय आजचे कॉन्चेर्टो नीट वाजत नाहीत. प्रत्येक व्हॉल्व्ह दाबला की नळीला ठरावीक तुकडा जोडला जातो. तो तुकडा मूळ नऊ फुटांच्या हिशेबाने कापलेला असतो. चौथा व्हॉल्व्ह दाबून नळी बारा फुटांच्या आसपास गेली की तेच तुकडे तोकडे पडतात आणि सूर चढा लागतो. बूझी कंपनीतील डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४मध्ये यावर तोडगा काढला, तीच कॉम्पेन्सेटिंग योजना. चौथा व्हॉल्व्ह दाबलेला असताना हवा बाकीच्या व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरते आणि जाता जाता कमी पडलेली लांबी छोट्या वळशांतून भरून घेते. लग्नाच्या वरातीत दिसणारे, मीरतच्या जली कोठी भागात घडलेले युफोनियम बरेचदा तीन व्हॉल्व्हचे असते. त्यावर चाल झकास वाजते. पण खालच्या सप्तकातले काही सूर त्यात मुळातच नसतात, आणि कॉन्चेर्टो नेमका तिथे उतरतो.

या वाद्यासाठी लिहिलेल्या सुरुवातीच्या कॉन्चेर्टोंत ठळक नाव आमिल्कारे पोंकिएल्ली यांच्या १८७२च्या रचनेचे. ऑपेरा-रचनाकार म्हणून पुढे गाजलेले पोंकिएल्ली तेव्हा उत्तर इटलीतील क्रेमोना शहराचे बँडमास्टर होते, आणि त्यांनी ही रचना ‘फ्लिकोर्नो बासो’ या युफोनियमच्या इटालियन भावंडासाठी बँडच्या साथीने लिहिली. ती एका सलग भागात आहे. ऑपेरातला गायक जशी एखादी ओळ घेऊन ती खुलवत, सजवत, दमसासाची परीक्षा देत पुढे जातो, तसाच हा वादक जातो. नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला ही रचना पहिल्या ऐकण्यातच आपली वाटते, कारण तिचा सगळा जोर पदावर आणि तानेवर आहे. पियानोवर तिची साथ सोपी दिसते : डाव्या हाताला बेस, उजव्या हाताला तुटक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. परंतु एकल वादक शेवटच्या सुरावर थांबून श्वास घेईल तेव्हा तोल न जाऊ देता थांबायचे, आणि तो सुटला की त्याच क्षणी उचलायचे, हे काम सोपे नाही.

त्यानंतरची शंभर वर्षे या वाद्याच्या वाट्याला मुख्यतः ‘एअर व्हॅरी’ आली, म्हणजे ओळखीची चाल आणि तिच्यावर चढत्या वेगाच्या कसरती. ऑर्केस्ट्राने त्याला क्वचितच दार उघडले. गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या मंगळाच्या भागात टेनर ट्युबाच्या नावाने लिहिलेली ओळ आज बहुधा युफोनियमवर वाजते, ती अशा मोजक्या जागांपैकी एक. ज्या वाद्याला ऑर्केस्ट्रात कायमची खुर्ची नाही, त्याच्यासाठी मोठ्या रचनाकारांनी कॉन्चेर्टो का लिहावा?

या प्रश्नाचे उत्तर आले ते इंग्लंडमधल्या कामगारवस्त्यांतून. तिथे खाणी, कापडगिरण्या आणि कारखाने यांचे स्वतःचे ब्रास बँड होते. दिवसभर यंत्रावर राबणारी माणसे संध्याकाळी तालमीला बसत. आपल्या लालबाग-परळच्या गिरणगावात हीच संध्याकाळ भजनी मंडळांनी, लेझमीच्या पथकांनी आणि शाहिरांच्या कलापथकांनी भरली. वाद्ये वेगळी, पण पाळी संपवून तालमीला धावणे तेच. त्या इंग्रजी परंपरेत युफोनियम हा बँडचा मुख्य गाता आवाज आहे. जोसेफ होरोविट्झ यांचा कॉन्चेर्टो तिथेच जन्मला. व्हिएन्नात १९२६ साली जन्मलेले होरोविट्झ नाझींच्या तडाख्यातून १९३८मध्ये इंग्लंडला आले. त्यांचा हा कॉन्चेर्टो १९७२मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ट्रेव्हर ग्रूम यांनी जीयूएस (फूटवेअर) बँडसोबत प्रथम वाजवला. पादत्राणांच्या कंपनीचे नाव मिरवणारा तो केटरिंग गावचा बँड.

होरोविट्झ यांचा कॉन्चेर्टो युफोनियम शिकणाऱ्याच्या आयुष्यात येतोच येतो. तीन भाग : मध्यम लयीचा पहिला, संथ दुसरा, चपळ तिसरा. खरी कसोटी दुसऱ्या भागात लागते. लांब, सरळ, जवळजवळ अलंकार नसलेली ओळ. लपायला जागा नाही. बँडच्या साथीत बाकीची पितळी वाद्ये सूर धरून ठेवतात आणि एकल वादक त्या गालिच्यावरून चालतो. पियानोच्या साथीत तो गालिचा पायाखालून निघून जातो. पियानोची कॉर्ड दाबली त्या क्षणापासून विरायला लागते; चौथ्या मात्रेपर्यंत तिची नुसती सावली उरलेली असते आणि युफोनियमचा सूर मात्र अजून भरलेला असतो. संगीत नाटकातल्या ऑर्गनचा सूर भात्यावर टिकतो, गायकाला टेकायला काहीतरी मिळते. इथे तसे काही नाही. वादकाचा श्वास कुठे डळमळला, सूर मध्ये कुठे फुगला, व्हायब्रेटो (सुराचा कंप) भावनेतून आला की सवयीने, सगळे उघडे पडते. आणि म्हणूनच हा भाग पियानोबरोबर ऐकावा. चांगल्या वादकाच्या हातून तो असा उघडा ऐकला की बँडबरोबरच्या वादनात न दिसलेली त्याची रेषा दिसते.

होरोविट्झ यांच्यानंतर वाट मोकळी झाली. जॉन गोलंड, डेरेक बूर्जवा, फिलिप विल्बी, मार्टिन एलर्बी, फिलिप स्पार्क अशा ब्रिटिश रचनाकारांनी कॉन्चेर्टो लिहिले. विल्बी यांच्या कॉन्चेर्टोतला एक भाग झेबेकिको या नऊ मात्रांच्या ग्रीक नाचावर बेतलेला आहे. मूळचे रुमानियाचे, फ्रेंच चित्रपटसंगीतात नाव कमावलेले व्लादिमीर कोस्मा यांचा कॉन्चेर्टो युरोपात फार वाजतो. चालींवर पोसलेल्या मुंबईकर कानाला तो लगेच भावेल. कार्ल जेन्किन्स यांनी २००९मध्ये युफोनियमवादक डेव्हिड चाइल्ड्स यांच्यासाठी लिहिला. जपान आणि अमेरिकेतली परंपरा विंड बँडच्या अंगाने वाढली, तिचा विस्तार इथे करत नाही.

साथीदाराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत लहान अक्षरांत येते. आपल्याकडे संवादिनीचा साथीदार गायकाच्या मागून सावलीसारखा जातो. कॉन्चेर्टोत पियानोवादकाला तसे जाऊन चालत नाही. त्याच्याकडे अख्ख्या बँडचा पार्ट आहे : प्रास्ताविक वाजवून लय आणि वातावरण त्यालाच उभे करायचे, मधल्या बँडच्या तुकड्यांत पुढाकार त्यालाच घ्यायचा, आणि एकल वादक आत येताच झटकन मागे सरायचे. रिडक्शन लिहिणाऱ्याने पानात सगळे कोंबलेले असते. कॉर्नेटची ओळ, हॉर्नच्या कॉर्ड, ट्युबाचे सप्तक, वर ड्रमचे ठोके. दहा बोटांत हे मावत नाही. जाणता पियानोवादक पेन्सिल घेऊन बसतो आणि काय गाळायचे ते ठरवतो. बेस आणि लय ठेवायची, मधला भराव कमी करायचा, हा साधारण नियम. त्याला एक खास कारण आहे : युफोनियमचा मुख्य मुलूख आणि पियानोच्या डाव्या हाताचा मुलूख एकच. व्हायोलिनवादक पियानोच्या वरून गातो, युफोनियमवादक पियानोच्या पोटातून. डाव्या हाताने तिथे दाट कॉर्ड वाजवल्या आणि पेडल दाबून ठेवले, की एकल वादकाचा सूर चिखलात रुततो. अशा वेळी पेडल निम्मे करावे, कॉर्डमधला मधला सूर सोडून द्यावा. युफोनियम आपोआप वर येते.

मुंबईत पितळी वाद्यांचा वावर जुना. कूपरेजचे बँडस्टँड एकोणिसाव्या शतकातले आहे आणि वांद्र्याच्या किनाऱ्याला बँडस्टँड हे नाव त्याच काळाच्या सवयींतून चिकटले. आज शहरात युफोनियम नियमित ऐकू येते ते पोलीस बँडमध्ये, नौदलाच्या बँडमध्ये (४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास गेटवे ऑफ इंडियासमोरच्या बीटिंग रिट्रीटमध्ये जरूर कान द्यावा) आणि लग्नसराईत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण ऑर्केस्ट्रात या वाद्याची गरज वर्षानुवर्षे पडत नाही. ज्याला कॉन्चेर्टो वाजवायचा आहे त्याच्यापाशी उरतो पियानो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा मुंबईत होतात, त्यांच्या पितळी वाद्यांच्या अभ्यासक्रमात युफोनियम आहे, आणि तिथेही साथ पियानोचीच. बँडमधल्या वादकासाठी हा अनुभव सर्वस्वी नवा असतो. वरातीत किंवा संचलनात तो समूहाचा एक आवाज असतो, चालीची ओळ खालच्या सप्तकातून भरून काढणारा. इथे एका खोलीत, एका पियानोसमोर, वीस मिनिटे तो एकटा गातो.

शहराची हवा या जोडीला छळते. पावसाळ्यात पियानोचा साउंडबोर्ड दमट हवेने फुगतो, तारा ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकांचा सूर थोडा चढतो. एसीच्या कोरड्या हवेत तो परत उतरतो. युफोनियमचे गणित निराळे. हवा २० अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर गेली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटरवरून ३४९ मीटर होतो, आणि नळीतली सगळी हवा तितकी तापली तर सूर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने चढेल. प्रत्यक्षात फुंकीने नळीतली हवा आधीच ऊबदार असते, म्हणून फरक कमी पडतो, पण पडतो. त्यामुळे एसी सभागृहात शिरल्यावर गार पितळेवर सूर मिळवला, की पहिला भाग संपेपर्यंत वाद्य तापते आणि चढते. अनुभवी वादक आत शिरल्यावर पाच-सात मिनिटे वाद्यात नुसती ऊब फुंकत बसतो, मग पियानोवादकाकडून काळी पाच मागून घेतो, ट्यूनिंग स्लाइड नखभर ओढतो, आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत किल्ली दाबून साचलेले पाणी काढताना स्लाइडवर पुन्हा हात ठेवतो. पियानोला हलता येत नाही. हलायचे ते यानेच.

जागेचाही विचार करावा लागतो. घंटा वर असल्याने युफोनियमचा सूर आधी छताला जातो आणि तिथून श्रोत्यांवर उतरतो. उंच छताच्या चर्चमध्ये किंवा सभागृहात हे वरदान. मुंबईतल्या नेहमीच्या घरात, जिथे स्लॅब हाताच्या अंतरावर, तिथे सूर डोक्यावरच आदळतो आणि पियानो दबतो. अशा खोलीत वादकाने पियानोच्या वळणात उभे न राहता एक-दोन पावले लांब, घंटा भिंतीपासून दूर ठेवून बसावे, आणि पियानोचे झाकण खुशाल उघडावे. पंखा घंटेच्या थेट वर आला तर त्याची पाती लांब सुराचे बारीक तुकडे करतात. संथ भाग सुरू होण्याआधी तेवढा पंखा बंद करायला सांगावे.